केळीच्या धाग्याचं शिंकं आणि त्यात लोंबणारी सक्युलंट : खान्देशच्या हवेत काय जमतं?

वाघूर (जळगाव)

रावेर तालुक्यात माझ्या नणंदेच्या गावी बायका केळीच्या खोडाचा धागा काढून पिशव्या, चटया विणतात. तिनं त्याच धाग्याची दोन शिंकी मला विणून दिली आहेत. खाली टोपलीसारखा खोलगट भाग, वर तीन पदरी वेण्या आणि टोकाला कडी. काम इतकं देखणं आहे की त्यात मनी प्लांट अडकवून मोकळं व्हावंसं वाटत नाही. लोंबणारं सक्युलंट, म्हणजे मांसल पानांचं झाड, लावायचं मनात आहे. पर्ल्स, म्हणजे ती हिरव्या मण्यांची माळ, किंवा तसलंच काही.

घर दुसऱ्या मजल्यावर आहे. एक गॅलरी पूर्वेला, एक पश्चिमेला. पश्चिमेकडे मे महिन्यात दुपारी दार उघडलं तर झळ अंगावर येते. नर्सरीत विचारलं तर "आठवड्यातून दोनदा पाणी द्या" एवढंच उत्तर मिळालं. तेच उत्तर पुण्यातल्या आणि कोकणातल्या माणसालाही मिळत असणार. आपल्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ च्या वर जातो, डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० च्या खाली येतो, आणि बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इथं ही झाडं खरोखर वाढवणाऱ्यांकडून ऐकायचंय.

झाड थेट शिंक्यात लावू की आत कुंडी ठेवू? धागा किती टिकेल? आणि या हवेत नक्की कोणतं झाड निवडू?

निंबोळी (धुळे)

वाघूरताई, शिंक्याला आधी दंडवत. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात सऱ्याला, म्हणजे छताच्या आडव्या लाकडाला, शिंकं टांगलेलं असायचं, त्यात दुधाचं आणि तुपाचं मडकं. ती विणणारी माणसं गेली. केळीच्या धाग्यात पुन्हा कुणी शिंकं विणतंय हे वाचून फार बरं वाटलं.

थेट लावू नका. सगळे धागे सारखे नसतात. झाडाच्या धाग्यात लिग्निन नावाचा कठीण भाग असतो, तो जितका जास्त तितका धागा ओलीत सावकाश कुजतो. नारळाच्या काथ्यात तो भरपूर असतो, म्हणूनच सुंभ विहिरीच्या पाण्यातही टिकायचा. तागात कमी आणि केळीच्या धाग्यातही कमीच. केळीचा धागा कोरडा असेल तर ओढ चांगली सोसतो, पण ओल्या मातीला कायम टेकून राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तळ सुटेल. म्हणून केळीचं शिंकं बाहेरून, नुसतं उचलून धरण्यासाठी. झाड आतल्या भांड्यात.

आतलं भांडं उथळ घ्या. या वेलींच्या मुळ्या वरच्या थरातच पसरतात. खोल कुंडीत खालची माती ओली राहते आणि मुळ्या तिथपर्यंत पोचतच नाहीत. कुंभाराकडचं पसरट परळ घेऊन तळाला भोक पाडून घ्या, किंवा काथ्याची तयार टोपली शिंक्यात बसवा. काथ्याची टोपली घेतली तर भांड्याला घाम फुटतो, म्हणजे कोरड्या हवेत तिच्या अंगातून पाणी उडून जातं आणि आतली माती माठातल्या पाण्यासारखी गार राहते. मेमध्ये हे वरदानच. प्लास्टिकच्या काळ्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, मुळ्यांचं काय होत असेल ते कळेल.

पण हीच टोपली ऑगस्टमध्ये उलटी वागते. हवा दमट, पाणी उडायला जागा नाही, काथ्या आठवडाभर ओला. खान्देशात ही झाडं उन्हानं मरतात असं सगळे म्हणतात. माझं मत वेगळं आहे. ती जास्त करून ओल्या धाग्यानं आणि गरम रात्रींनी मरतात. ऊन झाड करपवतं, ते दिसतं आणि त्याच्यावर उपाय करता येतो. बुंध्याची कुज दिसते तोवर वेल संपलेली असते.

केळीबाग (यावल)

धाग्याबद्दल थोडं. केळीचा घड कापला की खोड शेतात पडून राहतं किंवा बांधावर फेकलं जातं. धागा काढायचा तर ते ताजं असतानाच काढावं लागतं. खोडाच्या बाहेरच्या सोपांचा, म्हणजे थरांचा, धागा जाड, राकट निघतो आणि आतल्या सोपांचा मऊ, पांढरट. टांगायच्या वस्तूला बाहेरचाच हवा. नणंदबाईंना विचारा, वेणीला कोणता वापरलाय ते. मऊ असेल तर वजन कमी ठेवा.

फुलवाले गजऱ्याला बांधतात ते वाळलेलं सोपट निराळं आणि यंत्रानं काढलेला धागा निराळा. सोपट वाळलं की मोडतं, ते टांगायला वापरू नका.

आणि पश्चिमेच्या गॅलरीचं म्हणाल, तर आमच्याकडे केळीच्या बागेला पश्चिम-दक्षिणेकडून शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात. उन्हाळ्यातला वारा अडवला नाही तर पानं फाटून चिंध्या होतात. एवढ्या मोठ्या केळीला वारारोधक लागतो, तर टांगलेल्या नाजूक वेलीला का नाही लागणार? टांगलेलं झाड जमिनीवरच्या कुंडीपेक्षा जास्त वारा खातं, कारण त्याला चारी बाजू उघड्या. पश्चिमेला वाळ्याचा किंवा बांबूच्या काड्यांचा पडदा सोडा. ते जमणार नसेल तर शिंकं पूर्वेलाच लावा, दुसरा विचार नको.

पांझराकाठ (साक्री)

पर्ल्स आणलेली दरवर्षी मेमध्ये जातात. दिवाळीनंतर आणली की फेब्रुवारीपर्यंत सुरेख लोंबतात, मग वरून टक्कल पडत जातं. खाली मणी हिरवे आणि वर मातीजवळ नुसते वाळके दोरे. पाणी कमी पडतं म्हणून वाढवावं तर दोनच दिवसांत सगळी माळ पिवळी, पाणचट. कोणी कारण सांगेल का?

निंबोळी (धुळे)

पांझराकाठ, तुम्ही जे लिहिलंत त्यात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं, वरचं टक्कल. ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या भागातली आणि तिथं ती लोंबत नाही. झुडपांच्या, दगडांच्या आडोशाला जमिनीवर सरपटते आणि जागोजाग मुळ्या धरते. लोंबवतो ते आपण. प्रत्येक मण्यावर एक गडद, अर्धपारदर्शक पट्टी असते, ती बघितलीत का? ती तिची खिडकी. तिच्यातून उजेड मण्याच्या आत शिरतो आणि आतल्या बाजूनंही अन्न तयार होतं. मणी गोल असल्यानं बाष्प कमी उडतं आणि खिडकीमुळे उजेडाची भरपाई होते. आता आपण शिंकं छताला अगदी वर टांगतो. लोंबत्या माळेला उजेड मिळतो आणि मातीचा वरचा भाग स्लॅबच्या सावलीत राहतो. टक्कल तिथूनच पडतं. शिंकं डोळ्यांच्या उंचीला किंवा जरा खाली आणा, कुंडीच्या तोंडावर सकाळचं ऊन पडलं पाहिजे. आणि लांब झालेले दोन-चार सर उचलून मातीवरच वेटोळं करून ठेवा, हलकेच दाबा. पेरापेराला मुळ्या फुटतात आणि वरचा भाग पुन्हा भरतो.

दुसरं, मेमधली कुज. बरीच मांसल पानांची झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री गारव्यात उघडतात. पाणी वाचवायची ती युक्ती आहे. पण तिला गार रात्र लागते. आपल्याकडे मेमध्ये मध्यरात्रीसुद्धा भिंत तापलेली असते. अशा वेळी झाड जवळजवळ थांबतं, वाढत नाही आणि पाणी ओढत नाही. आपण मात्र उन्हाळा म्हणून पाणी वाढवतो. गरम आणि ओली माती, त्यात न चालणारी मुळी. बुरशीला आणखी काय हवं?

म्हणून आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पहिला पाऊस पडेपर्यंत पर्ल्सना जगवायचं, वाढवायचं नाही. पाणी पहाटे, माती रात्रभरात सर्वात गार झालेली असते तेव्हा. तेही मण्यांवर सुरकुती दिसली तरच. टपोरा मणी म्हणजे पोटात पाणी आहे. खत या काळात अजिबात नाही.

वाघूर (जळगाव)

निंबोळीताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर छताची कडी शोधत होते! शिंक्याच्या वेण्यांना वरून दोरी जोडून खाली आणता येईल.

माती कोणती घ्यावी? आमच्याकडे शेतातली काळी माती फुकट मिळते.

केळीबाग (यावल)

काळी माती कपाशीला आणि केळीला ठेवा. ती पाणी धरते म्हणूनच आपली पिकं उभी आहेत, आणि नेमक्या त्याच गुणामुळे ती या झाडांना चालत नाही. ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि भेगाळताना बारीक मुळ्या तोडते. चिमूटभरही नको.

निंबोळी (धुळे)

पूर्ण सहमत. मी घेते ते असं : वीटभट्टीवरचा तुटक्या विटांचा चुरा चाळून, हरभऱ्याएवढे खडे अर्ध्याला थोडे कमी. चहाच्या पावडरीसारखी बारीक भुकटी फेकून द्यायची, नाहीतर तीच भोकं बुजवते. बाकी अर्ध्यात धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. थोडा लाकडी कोळसा. नदीची वाळू बारीक असेल तर घालू नये, ती इतर कणांमध्ये जाऊन बसते आणि मिश्रण घट्ट करते. शिवाय टांगायचं म्हटल्यावर वाळूचं वजन फार. विटेचा चुरा हलका आणि आतून सच्छिद्र असतो. परलाइट मिळालं तर आणखी हलकं.

कोकोपीट धुतलेलं म्हणाले ते मुद्दाम. त्यात मूळचे क्षार असतात. कोकोपीटची दाबलेली वीट भिजवून ते पाणी दोनदा तरी ओतून द्या.

बोरीना काठ (शिंदखेडा)

ताई, आमना गावमा बोरनं पानी इतलं खारं शे का कुंड्यास्ले पांढरा थर बठस. काथ्यानी टोपली तं वरतून पांढरीफटक व्हई जास. ते पानी देवानं का नही? पावसायानं पानी टाकीमा ठेवस, पन ते उन्हायालोंग पुरस नही.

निंबोळी (धुळे)

दादा, प्रश्न फार कामाचा विचारलात. धाग्याच्या टोपलीत हा त्रास कुंडीपेक्षा जास्त. पाणी टोपलीच्या अंगातून उडतं आणि क्षार तिथंच मागे राहतात, रोज थोडे थोडे. पांढरा थर त्याचाच. पानांची टोकं तपकिरी पडायला लागली की समजायचं मातीतही साठलेत.

बोरचं पाणी अगदीच टाळता येत नसेल तर थोडं थोडं शिंपडणं बंद करा. देताना भरपूर द्यायचं, तळातून वाहून जाऊ द्यायचं, मग पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. शिंपडलं की क्षार आतच राहतात, वाहिलं की थोडे तरी बाहेर जातात. पहिल्या दोन-तीन पावसांत टोपली मुद्दाम उघड्यावर धरा, धुऊन निघेल. मग आत घ्या. एसीचं पाणी जमत असेल तर ते साठवा, त्यात क्षार नसतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी मात्र देऊ नका. कूलरमध्ये पाणी उडत राहतं आणि खाली उरतं ते मूळच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं.

गच्चीवरची (नंदुरबार)

कूलरचा विषय निघालाच आहे म्हणून. काथ्याची तयार टोपली आमच्याकडे सहज मिळत नाही. मी तारेच्या टोपलीत कूलरचं नवं गवत दाबून अस्तर करते. लाकडाचे लांब तंतूच ते, हवा छान खेळते. एक हंगाम नीट जातो, मग भुगा होतो आणि बदलावं लागतं. पण स्वस्त आहे आणि मार्च आला की कोपऱ्यावरच्या दुकानात ढीग लागलेला असतो. वापरलेलं गवत घेऊ नका, त्यात क्षार आणि शेवाळ.

आणि एक सांगू? सगळे पर्ल्सच्या मागे का लागतात? टांगायला चिनी गुलाबासारखं झाड नाही. घोळीच्या भाजीचीच बहीण ती. घोळ आपल्या शेतात भर उन्हात पसरते, कोणी पाणी घालत नाही, तरी तजेलदार. चिनी गुलाबाला पश्चिमेची गॅलरी चालते, नव्हे ऊन कमी पडलं तर फुलं उघडतच नाहीत. टोपलीच्या चारी अंगांनी खोचलं तर मेमध्ये, बाकी सगळं मान टाकत असताना, तो रंगीत घोस लोंबतो. वाघूरताई, तुमचं एक शिंकं पूर्वेला, एक पश्चिमेला. पश्चिमेचं चिनी गुलाबाला द्या.

वाघूर (जळगाव)

हे पटलं. पश्चिमेचा प्रश्न सुटला. पूर्वेला मात्र सक्युलंटच हवं, लांब लोंबणारं.

सातपुडा पायथा (चोपडा, सध्या पुणे)

मग स्ट्रिंग ऑफ बनानाज घ्या. पर्ल्सच्याच घराण्यातली, दोन्ही आता क्युरिओ वंशात धरतात. पानं बारीक, वाकडी, अगदी इवल्या केळ्यांसारखी. पर्ल्सपेक्षा ती कितीतरी सोशिक, वाढ भराभर, पाण्याची थोडी चूक पोटात घालते. चोपड्याला आईच्या घरी पूर्वेच्या ओट्यावर तीच टिकली. केळीच्या धाग्याच्या शिंक्यात केळ्यांची माळ, आणि तीही रावेरच्या धाग्याची!

दुसरा पर्याय स्ट्रिंग ऑफ हार्ट्स. बदामाच्या आकाराची, चांदीसारख्या नक्षीची पानं. जॉन मेडली वुड या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १८८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ नावाच्या भागात खडकावरून लोंबताना दिसली, म्हणजे ही खरंच लोंबणारी. ती सेरोपेजिया वंशातली आहे. आपली कंदीलपुष्पं, पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर उगवतात ती, त्याच वंशातली. फूल बघितलंत तर लगेच नातं पटेल : तळाला फुगीर, मध्ये नळी, वर जुळलेल्या पाकळ्यांचा कंदील. बारीक माशा आत शिरतात, नळीतल्या केसांमुळे काही वेळ अडकतात आणि सुटताना पराग घेऊन जातात. ही वेल वाढताना पेरांवर मण्याएवढे कंद धरते. तो कंद मातीवर ठेवला की नवी वेल. मेमध्ये पानं गळली तरी कंद जिवंत असतो, म्हणून घाबरून फेकू नका.

डाँकी टेल, ती जाड शेपटासारखी, मेक्सिकोतल्या कड्यांवरची. दिसायला राजेशाही, पण शिंक्यात नको. धक्का लागला की पानं झडतात आणि टांगलेलं झाड वाऱ्यानं हलणारच. पडलेल्या पानांना मुळं फुटतात हा भाग चांगला.

पांझराकाठ (साक्री)

काथ्याच्या टोपलीला आतून प्लास्टिक लावावं का? काही जण म्हणतात उन्हाळ्यात पाणी टिकतं.

गच्चीवरची (नंदुरबार)

मी लावते. बाजूंना खताच्या गोणीचा तुकडा, तळ मोकळा. नाहीतर एप्रिलनंतर चिनी गुलाबालाही सकाळ-संध्याकाळ पाणी लागतं.

निंबोळी (धुळे)

चिनी गुलाबाला चालेल. माळेच्या सक्युलंटना मी लावणार नाही. प्लास्टिक लावलं की टोपली धाग्याची राहिलीच कुठे? घाम फुटणं थांबलं, गारवाही गेला. आणि पावसाळा लागला की ते काढायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही. सुकणं जास्त वाटत असेल तर टोपली वाऱ्यातून हलवा, तिचा श्वास बंद करू नका.

एक अडचण खरी आहे. टोपली ठणठणीत सुकली की वरून ओतलेलं पाणी कडेनं सरळ निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच. तेव्हा शिंक्यातून काढून टोपली बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पूर्ण निथळू द्यायची आणि निथळल्यावरच शिंक्यात ठेवायची. केळीचा धागा कोरडा राहतो तो यानंच.

वाघूर (जळगाव)

शेवटचे दोन प्रश्न. पावसाळ्यात कुठे ठेवू? आणि मिलीबग आली तर निंबोळी तेल चालेल का? घरात मांजरही आहे.

निंबोळी (धुळे)

पावसाळ्यात छताखाली, वारा वाहता असेल तिथे. पाऊस अंगावर येणार नाही पण हवा खेळेल. आठवडाभर झड लागली तर पाणी पूर्ण बंद. टोपली उचलून बघायची सवय लावा, ओली आणि कोरडी टोपली यांतला फरक हाताला लगेच कळतो, त्याला बोट घालून माती उकरायची गरज नाही.

पिठ्या ढेकूण, म्हणजे तुमची मिलीबग, पेरांच्या बगलेत आणि बुंध्याशी बसतो, कापसाच्या बारीक बोळ्यासारखा दिसतो. मुंग्यांची रांग शिंक्याच्या दोरीवरून खाली येताना दिसली तर तो आहेच असं समजा, त्या त्याच्या गोड स्रावासाठी येतात. कानकोरण्याच्या कापसाला स्पिरिट लावून एकेक टिपून काढा. तेल फवारलं तर मांसल पानांवरची पांढरट मेणाची साय निघून जाते, आणि तीच त्यांची उन्हातली ढाल. फवारायचंच झालं तर फार पातळ करून, सूर्य मावळल्यावर, आणि आधी एका सरावर करून बघा.

मांजराचं बरं झालं विचारलंत. पर्ल्स आणि बनानाज दोन्ही मांजर-कुत्र्यांना विषारी आहेत. लोंबतं टोक मांजराच्या उडीच्या वर राहील असं बघा. गळून पडलेले तुकडे रोज उचला. नाही जमलं तर हार्ट्स लावा, तिचा तसा धोका नाही.

केळीबाग (यावल)

कडीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. भरलेली, ओली टोपली धरली तर वजन कोरड्याच्या मानानं बरंच वाढतं. प्लास्टरमध्ये ठोकलेल्या खिळ्यावर टांगू नका. स्लॅबला ड्रिल करून फास्टनरची कडी बसवून घ्या, किंवा गॅलरीच्या ग्रिलचा आडवा गज वापरा. वेण्या गजावर घासतात तिथे धागा आधी झिजतो. तिथे लोखंडी एस हूक घाला, वेणी हुकात आणि हूक गजात. वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुमारास, शिंकं उतरवून सावलीत पूर्ण सुकवा आणि पीळ कुठे सैल झालाय का ते बघा. सैल झालेला पदर नणंदबाईंना दाखवला तर त्या पुन्हा वळून देतील.

वाघूर (जळगाव)

ठरलं. मांजर गॅलरीत फिरतेच, म्हणून पूर्वेला हार्ट्स आणि पश्चिमेला चिनी गुलाब, पण तोही मांजराला बाधू शकतो म्हणून तिच्या उडीच्या वर. परळाला भोक पाडून देणारा कुंभार मेहरूणकडे जाताना लागतो, त्याच्याकडे रविवारी जाते.

सातपुडा पायथा, हार्ट्सचे कंद कुठे मिळतील?

सातपुडा पायथा (चोपडा, सध्या पुणे)

विकत घेऊ नका. दसऱ्याला चोपड्याला येतोय, जळगावातूनच जाईन. उष्मा उतरलेला असतो, रात्री गार व्हायला लागतात, रुजायला तोच काळ चांगला. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ओंजळभर कंद आणि दोन-तीन सर ओल्या कागदात गुंडाळून आणतो. परळ आणि विटेचा चुरा तेवढा तयार ठेवा.